दिवाणी दाव्यात हरलात? कोल्हापुरात अपील कसे करायचे आणि अपिलाचे कोर्ट काय तपासते

दाव्याचा निकाल विरोधात गेला की घरात पहिला प्रश्न निघतो, "आता वर जायचं का?" वर जाता येते. पण वरचे कोर्ट दावा पहिल्यापासून चालवत नाही, हे आधी मनात पक्के करा. साक्षीदार पुन्हा पिंजऱ्यात उभे राहत नाहीत आणि नवे कागद सहसा घेतले जात नाहीत. खालच्या कोर्टात जे रेकॉर्ड झाले, त्यावरच न्यायाधीशांचे कुठे चुकले ते दाखवायचे असते. ही निशाणी (दाखल कागदाला कोर्टात पडलेला क्रमांक), हा साक्षीदार, निकालपत्रातला हा परिच्छेद, असे बोट ठेवून चूक दाखवता आली तर अपिलात दम असतो. नुसत्या "आमच्यावर अन्याय झाला" या वाक्यावर कोणतेही कोर्ट निकाल फिरवत नाही.

ही माहिती दिवाणी दाव्यांपुरती आहे: वाटणी, बांधावरचे अतिक्रमण, वहिवाटीचा रस्ता, खरेदीच्या कराराची पूर्तता, पैशांची वसुली. फौजदारी अपिलाची वाट वेगळी असते.

निकालाच्या दिवशीच करायच्या दोन गोष्टी

पहिली गोष्ट नकलेचा अर्ज. निकालपत्र (कारणांसह निकाल) आणि हुकूमनामा (त्या निकालावरून काढलेला औपचारिक आदेश) या दोन्हींच्या सर्टिफाइड नकलांसाठी त्याच दिवशी अर्ज द्या. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतःचा १६ अक्षरी क्रमांक) टाकला की निकालपत्र वाचायला मिळते. वकिलाशी चर्चा करायला ते उपयोगी आहे, पण ती सर्टिफाइड नक्कल नव्हे. हुकूमनामा तयार व्हायला वेळ लागला तरी थांबू नका. तो निकालानंतर १५ दिवसांत तयार व्हावा असे दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश २०, नियम ६अ सांगतो आणि तोपर्यंत निकालपत्राच्या नकलेवर अपील दाखल करता येते.

दुसरी गोष्ट स्थगितीची. अपील दाखल केले म्हणून हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. हा गैरसमज फार महागात पडतो. अपिलाचा नंबर पडला म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि इकडे दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जात) ताब्याचे वॉरंट निघून बेलीफ शेतात येतो. म्हणून निकाल लागताच, ज्या कोर्टाने निकाल दिला त्याच कोर्टाला अपिलाच्या मुदतीपुरती स्थगिती मागा. आदेश ४१, नियम ५(२) प्रमाणे त्या कोर्टाला तो अधिकार आहे. मिळालेली स्थगिती थोड्या दिवसांचीच असते, तेवढ्यात अपील आणि त्यासोबत वरच्या कोर्टातला स्थगितीचा अर्ज दाखल झाला पाहिजे.

मुदत मोजताना

जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस आणि हायकोर्टातल्या अपिलाला ९० दिवस. मुदत कायदा, १९६३ चा अनुच्छेद ११६ ही मुदत ठरवतो. निकालाचा दिवस धरायचा नाही. नक्कल मिळवायला लागलेले दिवसही कलम १२ प्रमाणे वगळले जातात. चुका होतात त्या याच मोजणीत.

उदाहरण घ्या. निकाल ३ मार्चला लागला. नकलेचा अर्ज १० मार्चला दिला. नक्कल २४ मार्चला तयार झाली. ४ ते ९ मार्च हे ६ दिवस तुमच्या खात्यातून गेले. १० ते २४ मार्च हे १५ दिवस वगळले. २५ मार्चपासून उरलेले २४ दिवस मोजले की शेवटचा दिवस येतो १७ एप्रिल. त्या दिवशी कोर्ट बंद असेल तर कोर्ट उघडेल तो पहिला दिवस चालतो.

आता नकलेची मागची बाजू पाहा. तिथे शिक्क्यात तारखा लिहिलेल्या असतात: अर्ज केव्हा आला, नकलेची फी केव्हा भरली, नक्कल केव्हा तयार झाली, केव्हा दिली. 'तयार' आणि 'दिली' या दोन तारखांमधले दिवस वगळले जात नाहीत. नक्कल २४ तारखेला तयार होती आणि तुम्ही ती ४ एप्रिलला नेली, तर मधले दिवस तुमच्याच माथी. फी भरायला सांगूनही उशीर केला तर तेही तसेच. म्हणून वकिलाच्या कारकुनावर सोडून न देता नकलेच्या टेबलावर स्वतः विचारत राहा.

मुदत गेली असेल तर अपिलासोबतच विलंब माफीचा अर्ज आणि त्याला प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. कोर्ट उशिराचे दिवस किती यापेक्षा कारण खरे आहे का हे पाहते. आजारपण असेल तर दवाखान्याचे कागद लावा, त्यावरच्या तारखा उशिराच्या काळाशी जुळल्या पाहिजेत. चार वर्षांपूर्वीची डिस्चार्ज समरी जोडून या वर्षीचा उशीर माफ होत नाही. "वकिलांनी कळवलेच नाही" हे कारण वारंवार दिले जाते. ते खरे असेल तर निकाल तुम्हाला कधी आणि कसा कळला, त्यानंतर तुम्ही काय केले, हे तारखेनिशी लिहा. चुकून भलत्याच कोर्टात अपील केले असेल, पण ते प्रामाणिकपणे आणि नेटाने चालवले असेल, तर मुदत कायद्याच्या कलम १४ चे तत्त्व दाखवून तो काळही मांडता येतो.

कोणत्या कोर्टात जायचे

कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांच्या हुकूमनाम्यावर पहिले अपील जिल्हा न्यायालयात होते. करवीरसह आसपासच्या तालुक्यांसाठी ते कसबा बावड्याच्या न्याय संकुलात. इचलकरंजी आणि गडहिंग्लज इथेही जिल्हा न्यायाधीश बसतात, त्यामुळे त्या भागातल्या पक्षकारांनी आधी आपला तालुका कुठे जोडला आहे ते पाहावे. वरिष्ठ स्तर न्यायाधीशांच्या निकालावर पहिले अपील कुठे, हे दाव्याच्या किमतीवर ठरते. ठरावीक रकमेपर्यंत जिल्हा न्यायालय, त्यापुढे थेट हायकोर्ट. ही रक्कम महाराष्ट्राच्या दिवाणी न्यायालयांच्या कायद्यात लिहिलेली असते आणि दुरुस्त्यांनी वाढत आली आहे, म्हणून जुन्या पुस्तकावर विसंबू नका.

हायकोर्टासाठी आता मुंबईची रेल्वे पकडावी लागत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे उद्घाटन १७ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते झाले आणि १८ ऑगस्टपासून कामकाज सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे या बेंचकडे आहेत. त्यासाठी या जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी कित्येक दशके आंदोलने केली. चंदगडच्या शेतकऱ्याला एका तारखेसाठी दोन दिवस मोडावे लागत होते, त्याला ही सोय किती मोठी आहे ते वेगळे सांगायला नको.

काही निकालांवर अपीलच नाही. दोन्ही बाजूंच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६(३) प्रमाणे (पुढची नुसती कलमे याच संहितेची) अपील होत नाही. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीच्या निवाड्यावरही नाही. सही करण्याआधी कागद शांतपणे वाचा असे म्हणायचे ते याचसाठी. एकतर्फी हुकूमनाम्यावर मात्र अपील आहे आणि तो रद्द करण्याचा अर्ज त्याच कोर्टात करण्याचा वेगळा रस्ताही आहे. समन्सच मिळाले नव्हते असे तुमचे म्हणणे असेल तर अर्जाचा रस्ता सरळ, कारण तिथे पुरावा देऊन ते सिद्ध करता येते.

निशाणी ५ च्या अर्जावरचा हुकूम, म्हणजे तात्पुरता मनाई हुकूम दिला किंवा नाकारला तो, हा अपिलातला वेगळाच प्रकार. त्यावर ३० दिवसांत किरकोळ दिवाणी अपील होते. ते गमावले तर पुढे दुसरे अपील नाही. राहते ते संविधानाच्या अनुच्छेद २२७ खालचे रिट, आणि त्यात हायकोर्ट फार मर्यादित लक्ष घालते.

वाटणीच्या दाव्यातला सापळा

कोल्हापूर भागात दिवाणी कोर्टात वाटणीचे दावे भरपूर, म्हणून हे जरा सविस्तर. वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो: कोणाचा किती हिस्सा ते त्यात ठरते. सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष सरस-निरस (चांगली-हलकी जमीन पाहून) वाटप नंतर कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत, म्हणजे व्यवहारात तहसील आणि भूमी अभिलेखकडून होते. बरेच लोक प्राथमिक हुकूमनामा हा नुसता कागद समजून गप्प बसतात. चार-पाच वर्षांनी मोजणीदार टेप घेऊन उभ्या उसात शिरला की जागे होतात आणि "आमचा हिस्सा एक तृतीयांश असताना एक चतुर्थांश कसा धरला" असे विचारतात. तेव्हा उशीर झालेला असतो. प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले नसेल तर त्यातला हिस्सा चुकीचा आहे असे अंतिम हुकूमनाम्यावरच्या अपिलात म्हणता येत नाही, असे कलम ९७ स्पष्ट सांगते. हिश्शाबद्दल तक्रार असेल तर अपील प्राथमिक हुकूमनाम्यावरच करायचे.

याच दाव्यांत आणखी दोन चुका नेहमी होतात. एक, अपिलात सगळे पक्षकार घेतले जात नाहीत. खालच्या कोर्टात जे वादी-प्रतिवादी होते, ते सगळे अपिलात आले पाहिजेत, अगदी मुंबईला राहणारी आणि कधीच कोर्टात न आलेली आत्यासुद्धा. दोन, अपील चालू असताना कोणी वारले तर ९० दिवसांत वारसांना रेकॉर्डवर घ्यावे लागते. ते न झाल्यास त्या व्यक्तीपुरते अपील आपोआप संपते. ते पुन्हा जिवंत करण्याच्या अर्जाला ६० दिवस असतात, त्यानंतर विलंब माफी मागावी लागते. वाटणीत प्रत्येकाचा हिस्सा दुसऱ्याच्या हिश्शात गुंतलेला असतो, त्यामुळे एकाविरुद्ध अपील संपले की सगळेच अपील धोक्यात येते. गावाकडून मयताची खबर आली की मृत्यूचा दाखला आणि वारसांची नावे-पत्ते वकिलाकडे लगेच पोचवा. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली म्हणजे कोर्टातही झाली असे नसते.

अपिलाचा मेमो

मेमोसोबत, म्हणजे अपिलाच्या लेखी अर्जासोबत, निकालपत्राची सर्टिफाइड नक्कल, वकीलपत्र, कोर्ट फी आणि गरजेप्रमाणे स्थगिती व विलंब माफीचे अर्ज लागतात. कोर्ट फी साधारणपणे अपिलात जेवढ्या रकमेचा किंवा हक्काचा वाद उरला आहे त्यावर बसते. महिला पक्षकारांना काही प्रकारच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. राज्य सरकारच्या अधिसूचनेने ही माफी दिली. बहिणीने वाटणीसाठी केलेल्या अपिलात ती लागू होते का ते वकिलाला विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग व्यक्तींना तिथे उत्पन्नाची अट नाही. मात्र वकील नेमून मिळेपर्यंत मुदत थांबत नाही, म्हणून अर्ज पहिल्याच आठवड्यात.

मेमोचा जीव असतो त्यातल्या हरकतींच्या मुद्द्यांत. असे मुद्दे नेहमी दिसतात:

"खालच्या कोर्टाने पुराव्याचा नीट विचार केला नाही. निकाल बेकायदेशीर व चुकीचा आहे."

यातून न्यायाधीशांना काहीच कळत नाही. बांधावरच्या अतिक्रमणाच्या दाव्यात तोच मुद्दा असा लिहा:

"निशाणी ३४ चा मोजणी नकाशा सिद्ध करण्यासाठी वादीने मोजणीदार साक्षीदार क्र. ३ तपासला. त्याने उलटतपासात कबूल केले की, पूर्वेकडच्या गटधारकाला मोजणीची नोटीस दिली नव्हती आणि मूळ टिपण पाहून हद्द कायम केली नाही. निकालपत्राच्या परिच्छेद १७ मध्ये ७ गुंठ्यांचे अतिक्रमण याच नकाशावरून धरले आहे, पण या कबुलीचा उल्लेखही नाही. प्रतिवादीने कोर्ट कमिशनर नेमून मोजणी करण्याचा अर्ज निशाणी ४१ ला दिला होता, तो कारण न देता फेटाळला."

अशा मुद्द्यात चूक दिसते, ती कुठे आहे ते दिसते आणि तिच्यामुळे निकाल कसा बदलतो तेही दिसते. निशाणी ४१ वरच्या हुकुमावर त्या वेळी अपील नव्हते म्हणून हताश होऊ नका. त्या हुकुमातल्या चुकीचा निकालावर परिणाम झाला असेल तर ती अंतिम अपिलात मांडता येते, कलम १०५ ची ती सोय आहे. असे दहा नेमके मुद्दे पन्नास मोघम मुद्द्यांपेक्षा जास्त काम करतात. मेमोत न घेतलेला मुद्दा पुढे कोर्टाच्या परवानगीशिवाय मांडता येत नाही, त्यामुळे खरोखरचा मुद्दा गाळूही नका.

वरचे कोर्ट कशाला हात घालते

पहिले अपील हे पुराव्याचे शेवटचे मोठे कोर्ट आहे. जिल्हा न्यायाधीश कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही तपासतात, साक्षी पुन्हा वाचतात, कागद पुन्हा पाहतात. संतोष हजारी विरुद्ध पुरुषोत्तम तिवारी या २००१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, पहिल्या अपिलाच्या कोर्टाने डोके लावून प्रत्येक मुद्द्यावर कारणांसह निर्णय दिला पाहिजे, आणि निकाल फिरवायचा असेल तर खालच्या कोर्टाच्या कारणांना थेट भिडले पाहिजे.

तरीही प्रत्येक चूक एका मापाने मोजली जात नाही. साक्षीदार खरे बोलतो की खोटे, हे ज्यांनी त्याला समोर पाहिले त्यांच्या मताला वजन असते. त्यामुळे "आमचा साक्षीदार खरा, त्यांचा खोटा" एवढ्यावर निकाल फिरणे अवघड. पण साक्षीदाराची उलटतपासातली कबुलीच वाचली गेली नसेल, किंवा त्याचे म्हणणे नोंदणीकृत खरेदीखताच्या मजकुराविरुद्ध असेल, तर वरचे कोर्ट हात घालते. कागद वाचून अर्थ लावायचा असेल तिथे दोन्ही कोर्टे सारख्याच जागी असतात. कायद्याच्या प्रश्नात खालच्या कोर्टाच्या मताचे काही बंधन नसते. निशाणी ५ सारख्या विवेकाधिकाराच्या हुकुमात मात्र, "मी असतो तर वेगळा हुकूम केला असता" म्हणून वरच्या कोर्टाने बदल करायचा नसतो. हुकूम मनमानी आहे किंवा ठरलेली तत्त्वे सोडून आहे हे दाखवावे लागते. वाँडर विरुद्ध अँटॉक्स या १९९० च्या निकालापासून ही रेषा पक्की आहे.

कायद्याच्या चुका आपल्या भागातल्या दाव्यांत कशा दिसतात? फेरफार आणि सातबाऱ्याच्या नोंदीवरून मालकी ठरवून टाकणे ही सर्रास चूक. महसुली नोंद खरी आहे असे उलट सिद्ध होईपर्यंत गृहीत धरले जाते, पण नोंदीने मालकी तयार होत नाही. मृत्युपत्र साक्षांकन करणाऱ्या साक्षीदाराला न तपासता सिद्ध धरणे ही दुसरी. असा एक तरी साक्षीदार हयात आणि हजर करण्याजोगा असेल तर तो तपासावाच लागतो. जुन्या पुरावा कायद्याचे कलम ६८ तेच सांगत होते, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६७ तेच सांगते. तिसरी, वडील २००५ च्या आधी वारले म्हणून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद (जन्मानेच हिस्सेदार) न मानणे. विनीता शर्मा विरुद्ध राकेश शर्मा या ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानंतर ते टिकत नाही. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झाली असेल तर गोष्ट वेगळी, आणि ती वाटणी नोंदणीकृत दस्ताने किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्याने झालेली असावी. तोंडी वाटणीचे म्हणणे अगदी अपवाद म्हणून, सार्वजनिक कागदांच्या आधारावरच मान्य होते.

आणि एक गाळणी सगळ्यांना लागू आहे. कलम ९९ प्रमाणे, ज्या तांत्रिक चुकीने दाव्याच्या गुणदोषांवर किंवा कोर्टाच्या अधिकारावर परिणाम झाला नाही, तिच्यासाठी हुकूमनामा फिरवला जात नाही. निकालपत्रात गट नंबर एका ठिकाणी चुकला, तारीख चुकली, तर ती दुरुस्ती त्याच कोर्टात कलम १५२ च्या अर्जाने होते. त्यासाठी अपील करून वर्षे घालवू नका.

स्थगिती

वरच्या कोर्टातल्या स्थगितीच्या अर्जात तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: स्थगिती नसेल तर मोठे नुकसान होईल, अर्जाला विनाकारण उशीर केलेला नाही, आणि पुढे हुकूमनामा कायम राहिला तर तो पाळण्याची हमी तुम्ही देता. ताब्याच्या हुकुमात पीक, घर, विहीर, पाइपलाइन यांचे तपशील आणि फोटो लावा. पैशांच्या हुकूमनाम्यात कोर्ट रक्कम किंवा तिचा भाग भरायला, नाहीतर जामीन द्यायला सांगते. मुदतीत पैसे भरले नाहीत तर स्थगिती उठते. त्यामुळे झेपेल एवढीच रक्कम भरायची तयारी अर्जात लिहा, नंतर मुदतवाढ मागत फिरण्यापेक्षा ते बरे.

जिंकलेल्या बाजूनेही झोपू नये. निकाल लागताच वरच्या कोर्टात कॅव्हेट दाखल करा. ते ९० दिवस चालते, आणि समोरच्याने स्थगिती मागितली तर तुम्हाला ऐकल्याशिवाय हुकूम होत नाही. ९० दिवस संपत आले आणि अपील आले नसेल तर नवे कॅव्हेट टाका.

जिंकलेल्यांसाठी आणखी एक. निकाल तुमच्या बाजूने आहे पण एखादा मुद्दा विरोधात गेला आहे, एवढेच असेल तर त्या मुद्द्यावर अपिलात तोंडी हरकत घेऊन हुकूमनामा टिकवता येतो. पण दाव्यात मागितलेले काही नाकारले गेले आणि ते आता हवे असेल, तर उलट हरकत लेखी दाखल करावी लागते, आणि तिची मुदत अपिलाची नोटीस मिळाल्यापासून एक महिना. नोटिशीच्या पाकिटावरची तारीख जपून ठेवा.

सुनावणी

अपील दाखल झाल्यावर बरेच महिने नुसत्या तारखा पडतात. खालच्या कोर्टातून रेकॉर्ड आले नाही हे त्याचे एक नेहमीचे कारण. रोजनामा (प्रत्येक तारखेला काय झाले याची कोर्टातली नोंद) पाहत राहा, रेकॉर्ड मागवल्याचे पत्र गेले का ते विचारा. तोपर्यंत साक्षी आणि महत्त्वाच्या निशाण्यांच्या नकला तुमच्या फाइलमध्ये असू द्या. वकिलाला एक तक्ता करून द्या: मुद्दा कोणता, निकालपत्राचा परिच्छेद कोणता, त्याला खोटा पाडणारी निशाणी कोणती, उलटतपासाचे पान कोणते. युक्तिवादाच्या दिवशी हा एक कागद पूर्ण फाइलपेक्षा कामी येतो.

तारखेला हजर राहा. अपीलकर्ता गैरहजर असेल तर अपील गैरहजेरीत निकाली निघू शकते. त्याच्या पाठीमागे गुणदोषांवर मात्र ते फेटाळता येत नाही. काढून टाकलेले अपील पुन्हा घेण्यासाठी ३० दिवसांत कारणासह अर्ज करा.

नवा पुरावा द्यायचा असेल तर आदेश ४१, नियम २७ ची दारे अरुंद आहेत: खालच्या कोर्टाने घ्यायला हवा होता तरी नाकारला, योग्य काळजी घेऊनही तो तेव्हा माहीत नव्हता किंवा मिळाला नाही, किंवा निकाल देण्यासाठी कोर्टालाच त्याची गरज वाटते. दुय्यम निबंधक कार्यालयात नेहमीच मिळणारे खरेदीखत "आत्ता सापडले" असे सांगितले तर पहिला प्रश्न येतो, तेव्हा शोध का घेतला नाही? युनियन ऑफ इंडिया विरुद्ध इब्राहिम उद्दीन या २०१२ च्या निकालाप्रमाणे हा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीसोबत ठरवायचा असतो. आधीच फेटाळला किंवा मंजूर केला तर त्यालाही हरकत घेता येते.

शेवटी कोर्ट निकाल कायम ठेवते, बदलते, फिरवते किंवा दावा परत पाठवते. परत पाठवणे म्हणजे विजय, असे पक्षकारांना वाटते. तसे ते नसते. पुन्हा तालुक्याचे कोर्ट, पुन्हा साक्षी, पुन्हा अपील. रेकॉर्डवर पुरेसा पुरावा असेल तर अपिलाच्या कोर्टाने स्वतःच निर्णय द्यावा, असे आदेश ४१ चा नियम २४ सांगतो. म्हणून कमिशनरची मोजणी किंवा एखादाच राहिलेला मुद्दा एवढेच बाकी असेल, तर पूर्ण दावा परत न पाठवता तेवढ्यापुरते काम करून घ्यावे, अशी विनंती करा. वयस्कर पक्षकारांच्या दाव्यात हा फरक दहा वर्षांचा ठरू शकतो. दावा विनाकारण परत पाठवला असे वाटले तर नियम २३ किंवा २३अ खालच्या त्या हुकुमावर हायकोर्टात अपील आहे.

दुसरे अपील

जिल्हा न्यायालयाच्या निकालावर कलम १०० चे दुसरे अपील आता सर्किट बेंचसमोर, मुदत ९० दिवस. इथे दार फारच अरुंद. कायद्याचा महत्त्वपूर्ण प्रश्न निघाला पाहिजे, आणि हायकोर्टाने तो आधी लेखी मांडल्याशिवाय अपील पुढे चालत नाही. २५,००० रुपयांपर्यंतच्या पैसे वसुलीत दुसरे अपील नाहीच. कोंडिबा दगडू कदम विरुद्ध सावित्रीबाई सोपान गुजर या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, पुराव्यावरून वेगळे मत होऊ शकते एवढ्यावर हायकोर्टाने खालच्या कोर्टाचा निष्कर्ष बदलायचा नाही. निष्कर्षाला पुरावाच नसेल, महत्त्वाचा कागद नजरेआड झाला असेल, सिद्ध करण्याचे ओझे चुकीच्या बाजूवर टाकले असेल, तेव्हा कायद्याचा प्रश्न निघतो.

दुसऱ्या अपिलासाठी जिल्हा न्यायालयाचे निकालपत्र एका खास नजरेने वाचा. आदेश ४१, नियम ३१ प्रमाणे त्यात निर्णयाचे मुद्दे, प्रत्येकावरचा निर्णय, कारणे आणि निकाल फिरवला असल्यास मिळणारी दाद हवी. "खालच्या कोर्टाच्या मताशी सहमत" म्हणून दोन पानांत अपील संपवले असेल तर तो भक्कम मुद्दा आहे. मुद्दे वेगळे लिहिले नसले तरी पुराव्याची खरी चर्चा झाली असेल, तर नुसत्या नमुन्यावरून फारसे काही मिळत नाही.

आणि अपील जिंकलात, पण मधल्या काळात जमिनीचा ताबा किंवा पैसे गेलेले असतील, तर ते परत मिळवायला नवा दावा लागत नाही. कलम १४४ चा अर्ज मूळ कोर्टात करा. त्यात ताब्यासोबत मधल्या काळातल्या उत्पन्नाची भरपाई आणि व्याजही मागता येते, म्हणून कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या त्या वर्षांपासून सांभाळून ठेवा.